ठमाबाईच्या तोंडून

“काय होतंय ते तुम्ही सांगा. सुनेकडे काय बघता?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ठमाबाई तपासणीच्या टेबलावर आडवी होती. कळव्याच्या मिठागरावर साऱ्या बायांना धाकात ठेवणारी ही बाई आता पदर तोंडात धरून पडली होती. गोदा मुद्दामच भिंतीला टेकून उभी राहिली. निघताना सासूनं तिचे हात धरले होते, “तूच सांग गो, मना लाज वाटते.” गोदा हो म्हणाली होती. सांगायचं तिच्या मनात मुळीच नव्हतं.

“अंग भायेर येतं,” ठमाबाई शेवटी पुटपुटली. “चाललं का येतं. लघवीला पन तरास हाय.”

“कधीपासून?”

“नाथाचे वक्तापासून. बालंत जाले नि लगेच मिठाच्या पाट्या उचलल्या.”

“इतकी वर्षं अंगावर काढलंत? आधी का नाही आलात?”

“परक्याला कसा दाखवाचा, बाय?”

हेच ऐकायला गोदा तिला टेंभी नाक्याच्या दवाखान्यापर्यंत घेऊन आली होती. स्वातंत्र्य आलं त्या साली गोदाचं पोर बाळंतपणात गेलं. तिचं अंगच खोटं म्हणून गेलं, असं ही म्हातारी तेव्हापासून गावभर सांगत होती, आणि तिचा नवरा नाथाही तेच धरून बसला होता.

“मी दोन दिस अडलेली, तवा पन हेच बोललात ना?” गोदा म्हणाली. “सांगा बाईंना, दवाखान्याची गाडी दारातून कोनी परत धाडली.”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. ठमाबाईनं उठायचा प्रयत्न केला, पण तिला उठता येईना. गोदानं हात दिला नाही.

“मीच धाडली,” म्हातारी छताकडे बघत बोलली. “तवा पोटात पोर हालत होतं. मी हात लावून बगितलेला.”

गोदाला बरं वाटलं. दया आली असं उगाच कशाला लिहू? नाही आली.

डॉक्टरीणबाईंनी अंग वर राहावं म्हणून आत रबरी कडं बसवलं, ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं.

“आता हेच नाथासमोर बोलाचं,” गोदा म्हणाली.

“बोलन.”

दोघी बाहेर पडल्या. आजवर गोदानं सासूच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. आज ती भराभर पुढे निघाली. खाडीच्या पुलाशी मागून हाक आली, “गोदे, जरा दम खाऊं दे गो.”

गोदा थांबली. मागं वळून मात्र तिनं पाहिलं नाही.