तपासनिसाची साखर
विमा एजंटांच्या परवान्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीतले तपासनीस साहेब गिऱ्हाईक बनून जाण्यात पटाईत होते. अर्जात खोटं लिहायला सांगायचं आणि एजंटानं लिहिलं की त्याच्या परवान्यावर गदा. असे एकोणचाळीस जण त्यांनी घरी बसवले होते.

त्या दिवशी पाळी होती विम्याचं काम करणाऱ्या एका निवृत्त मास्तरीणबाईंची. बाई अर्जात काहीबाही भरतात, अशी निनावी तक्रार होती. बाईंनी साहेबांना पुढच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी बसवलं, चहाचं विचारलं.

"बिनसाखरेचा," साहेब सवयीनं म्हणाले आणि कामाला लागले. "मी रोज पाकीटभर सिगारेटी ओढतो. पण अर्जात 'नाही' लिहा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही ओढत नाही. माझे यजमान ओढायचे, मला वास कळतो. साखर मात्र कधीपासून आहे?"

साहेबांनी नजर शिवणयंत्राकडे वळवली. साखर सहा वर्षांपासून होती. बायकोला ठाऊक नव्हती, आणि स्वतःच्या विम्याच्या अर्जातही नव्हती.

"नसलेलं सांगता, असलेलं लपवता," बाई म्हणाल्या. "उद्या दावा नाकारला गेला की तुमची बायको मला शिव्या घालणार. मी नाही भरत."

तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल देऊन साहेबांनी संध्याकाळी मेहुण्याला फोन लावला. त्यांचा विमा त्यानंच उतरवला होता.

"माझ्या अर्जात आजार नाही असं का लिहिलंस?"

"भावोजी, साखर आहे पण लिहू नकोस, असं तुम्हीच म्हणालात की. वर म्हणालात, नियम मला शिकवू नकोस."

चार दिवसांनी साहेबांनी कंपनीला खरं काय ते कळवून टाकलं. कंपनीनं हप्ता वाढवला आणि मेहुण्याविरुद्ध रीतसर तक्रार साहेबांच्याच कचेरीत धाडली. नात्यातला मामला म्हणून साहेबांनी फाईल दुसऱ्याकडे दिली. मेहुण्याचा परवाना सहा महिने बंद झाला, साहेबांना लेखी ताकीद मिळाली.

मेहुणा तडक बहिणीकडे आला आणि साखरेसकट सगळं बाहेर पडलं. बायको आधी नवऱ्यावर बरसली, मग भावावर. शेवटी म्हणाली, "आता रिकामाच आहेस ना? रोज सकाळी यांना चालायला ने."

तीन दिवस मेहुणा दहा पावलं मागून चालला. चौथ्या दिवशी शेजारी आला.

"भावोजी, आणखी पन्नास-साठ अर्ज तसेच आहेत."

साहेब जागीच थांबले. "एकेकाकडे जाऊन खरं कळवायला सांग."

"पण मला तर बंदी आहे."

"विकायला आहे. माफी मागायला नाही."

मेहुण्यानं मान डोलावली. पहिलं घर पुढच्याच गल्लीत होतं. दोघं तिकडे वळले.