गुलाबचा पास

नरेश मेश्राम न्यायाला पक्का, अशी त्याची ख्याती होती. निदान गेममध्ये तरी. भिलाई-दुर्गकडची दहा मराठी माणसं दर रविवारी दुपारची जेवणं उरकून आपापल्या कॉम्प्युटरवर बसत, हेडफोन लावत आणि सगळी मिळून एखाद्या राक्षसावर तुटून पडत. याला ते रेड म्हणत. राक्षस मेला की लूट पडे, आणि खरी परीक्षा तिथं असे. वस्तू एक, हात दहा. मागे एका ढालीवरून दोघांत अबोला झाला, तेव्हा नरेशनं नियमच घालून दिला: वस्तू हवी त्यानं फासे टाकायचे, मोठा आकडा पडेल त्याची वस्तू; नको त्यानं चॅटमध्ये 'पास' लिहायचं. लिहिलं की लिहिलं, मागे फिरणं नाही. सख्खा मेहुणा अतुल, पण त्यालाही नरेशनं कधी झुकतं माप दिलं नव्हतं.

गुलाब रामटेके हा त्या दहांतलाच एक, नरेशचा कॅम्प-१ वस्तीतला लंगोटीयार. नरेश भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये परमनंट लागला, रिसालीत घर बांधून राहायला गेला. गुलाब ठेकेदाराकडेच राहिला. या उन्हाळ्यात ठेका बदलला आणि जुन्या मजुरांचे गेटपास संपले. गेटपास नाही तर प्लांटच्या आत पाऊल नाही. नव्या ठेकेदाराचा मुकादम नरेशच्या ओळखीचा होता. "मी बोलतो ना त्याच्याशी, तू टेन्शन नको घेऊ," नरेशनं गुलाबला सांगितलं होतं.

आणि तो बोललाही. मुकादम म्हणाला, जागा एकच आहे, नाव सांगा. नेमकी त्याच सकाळी नरेशची बायको आम्रपाली, भाऊ रिकामा बसलाय म्हणून रडली होती. नरेशच्या तोंडून अतुलचं नाव गेलं. गुलाबला हे आज सांगू, उद्या सांगू, यातच तीन आठवडे निघून गेले. वाईट बातमी सांगायला चांगला मुहूर्त कुठून मिळणार?

त्या रविवारी राक्षस मेला आणि चांदीचं धनुष्य पडलं. गुलाब त्यासाठी चौदा महिने थांबला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून एकेकानं आपणहून 'पास' लिहिलं. फक्त अतुलनं फासे टाकले. शंभरातले एकतीस पडले. एवढ्याला कोणीही मागे टाकलं असतं. सगळे गुलाबची वाट बघू लागले. गुलाबनं फासे टाकले नाहीत. त्यानं लिहिलं: पास

प्रश्नचिन्ह लावायच्या भानगडीत गुलाब कधी पडतच नसे. चौदा महिने थांबलेला माणूस धनुष्य सोडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तो गेटपासचं विचारत होता. माइकवर विचारत नव्हता, कारण त्याची बायको चंपा शेजारीच असणार, आणि तिच्यादेखत हात पसरणं त्याला जमलं नसतं. नरेशला सगळं कळलं. पण धनुष्य सोडलं असं धरून चाललं, तर त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नव्हतं.

"गुलाबचा पास हाय," तो माइकवर म्हणाला. "धनुष्य अतुलचं."

अतुल खुशीत होता. "जिजाजी, आजकल आपला लक भारी चालून राहिला. परवा गेटपास भेटला, आज धनुष्य. चला, निघतो मी, उद्या फर्स्ट शिफ्ट हाय."

गुलाबच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

नरेशनं तशीच स्कूटर काढली आणि भर उन्हात कॅम्प-१ गाठलं. गुलाब दारातच बसला होता. चंपा आत चहा टाकायला गेली.

"ते धनुष्य मी अतुलकडून वापस घेतो," नरेश म्हणाला. "माही गलती झाली."

"राहू द्या, नरेशभाऊ. नियम तुमचाच हाय."

पस्तीस वर्षांत गुलाबनं त्याला 'नऱ्या'शिवाय हाक मारली नव्हती. नरेशला वाटलं, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तुले सांगनारच होतो रे. जागा एकच होती. घरी आम्रपाली रडून राहिली होती. मी तरी काय करू?"

"धनुष्यही एकच होतं," गुलाब शांतपणे म्हणाला. "तिथं तुमी फासे टाकाले लावता. मंग इथं कावून नाई लावले? माहे कमी पडले असते, तर मी चुपचाप घरी आलो असतो."

तेवढ्यात चंपा दोन कप घेऊन बाहेर आली. एक कप नरेशपुढे धरून तिनं भीतभीतच विचारलं, "भाऊजी, ह्यायच्या पासचं काही झालं का?"

नरेशनं गुलाबकडे पाहिलं. गुलाब खाली बघत होता.

"भाऊ बोलून राहिले ना मुकादमाशी," गुलाब म्हणाला. "टाइम लागते अशा कामाले."

"तुमच्यासारखा मानूस हाय, म्हनून धीर हाय आमाले," चंपा म्हणाली.

नरेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मान हलवली आणि चहा घेतला.