माझ्याभोवतीचा पिवळा गोल

मी एक जुना पांढरा डबा आहे. इतर डब्यांची तोंडे वर असतात, माझे खाली. मित्रांनो, मला भरून ठेवण्यासाठी केलेले नाही, मातीवर पालथे घालण्यासाठी केले आहे.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एका मुलीने मला घडवले. माझ्या कडेला तिने रबराची पट्टी चिकटवली आणि आत आम्लात भिजवलेला स्पंज टांगला. पिकाला घातलेल्या खतातले सगळे नत्र पिकाच्या पोटात जात नाही. उघड्या मातीवर पडलेल्या खतातून त्याचा वायू होतो आणि वाऱ्यावर निघून जातो. तो वायू माझ्या स्पंजाने धरायचा आणि तिने मोजायचा, एवढेच आमचे काम.

"तू माझं नाक आहेस," ती मला म्हणायची. मला फार अभिमान वाटे.

वरून फेकलेले खत किती उडून जाते, हे तिला दाखवून द्यायचे होते. माझ्या स्पंजाने ते दाखवले, तर खत मातीत पुरणारे अवजार तिथल्या शेतकऱ्यांना मिळणार होते.

तिने मला तिच्या मामांच्या शेतात आणले.

"मामा, सगळीकडे सारखं खत टाका, डब्याच्या जागेवरसुद्धा. मग लगेच तो पालथा घाला. आणि सांभाळा हं, माझ्याकडे दुसरा नाही."

"अगं, तुझा डबा म्हणजे आमचा पाहुणा. डोळ्यांत तेल घालून सांभाळतो."

ती गेली आणि मामांनी मला आधीच मातीवर पालथे घातले. संध्याकाळी ते खत फेकत निघाले. माझ्याजवळ येताच त्यांचा हात थांबला. त्यांनी मला फडक्याने झाकले, माझ्याभोवतीची जागा कोरी सोडली आणि पुढे फेकू लागले.

बांधावरून मामी हसल्या. "आपल्या जावयाचीसुद्धा कधी एवढी बडदास्त ठेवली नाहीत!"

"त्याच्या अंगाला खत लागलं तर पोरीचं काम बिघडेल," मामा म्हणाले आणि जाताना फडके काढून घेऊन गेले.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. पण माझे तोंड मातीत होते.

रात्रीच्या दवात खताचे दाणे विरघळले. सकाळी मुलगी आली तेव्हा सगळी माती सारखीच दिसत होती. तिने जुना स्पंज काढून नेला आणि नवा भिजवलेला टांगला. दुपारी मामी डोळे चोळत म्हणाल्या, "अहो, नाकाला किती झोंबतंय!"

"खत आहे ते, अत्तर आहे का?" मामा म्हणाले.

जे मी धरायचे, ते माझ्या पाठीवरून वाहत गेले.

पुढच्या हंगामातही तसेच झाले. मुलीच्या साहेबांनी आकडे पाहिले आणि ते खूश झाले. ही माती खत सोडतच नाही, तेव्हा अवजाराची गरज नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. सगळ्यांनी तिचे कौतुक केले. तिचा चेहरा मात्र उतरलेला होता.

मला परत न्यायला ती आली तेव्हा पीक गुडघ्याला लागत होते. शेत गर्द हिरवे होते आणि माझ्याभोवती तेवढा पिवळट, खुरटलेला गोल होता.

मामी म्हणाल्या, "बघ तुझ्या मामांची माया. सगळं शेत जेवलं, तुझा पाहुणा तेवढा उपाशी!"

मुलगी मटकन खाली बसली.

"काय झालं गं?" मामा धावत आले. "एक दाणा लागू दिला नाही मी त्याला."

"मामा, त्याला खतावरच बसायचं होतं."

मामा त्या गोलाकडे बघत राहिले. "मग तसं सांगायचं नाही का, बाळा?"

"सांगितलं होतं हो."

"हो," मामा हळूच म्हणाले. "मी 'सांभाळा' तेवढंच ऐकलं."

तिने आणखी एक हंगाम मागितला. साहेबांनी नकार दिला. ती मला न नेताच गेली.

तेव्हापासून मी मामांच्या कोठीत वरच्या फळीवर आहे. मामा मला पुसतात, पुन्हा फडक्यात गुंडाळतात. माझे रबर तडकले आहे. खत पडले की खिडकीतून तोच झोंबरा वास येतो आणि तसाच निघून जातो.

यंदा मामांनी मला खाली उतरवले. शेतात नेऊन जमिनीवर मूठभर खत टाकले आणि त्यावर मला नीट पालथे घातले, तिने सांगितले होते अगदी तसे. पहिल्यांदाच तो वायू माझ्या पोटात भरला. पण स्पंज केव्हाच सुकून गेला होता आणि मोजणारी तिथे नव्हती. थोड्या वेळाने मामांनी मला उचलले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. वायू झोंबला असेल.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू फार जपून ठेवलेली असेल. तिला पुसण्याआधी ती कशासाठी केली होती, ते एकदा विचारा. मळाली तर मळू द्या. मी आजही स्वच्छ आहे, आणि त्याचेच मला वाईट वाटते.