दर्याकडे तोंड केलेलं नाव

आश्विनातली दुपार. ताम्रतप्त आकाश, पारदवर्ण सागर, आणि दोहोंच्या मधोमध क्षितिजाची ती कृश, निर्विकार रेघ. अकरा दिवसांपूर्वी दत्तारामची होडी तिच्यापलीकडे गेली, आणि रेघ पुन्हा मिटली.

बंदराच्या गल्लीत हेमलताचं फ्लेक्सचं दुकान. तिथे तिने स्वतः घडवलेलं, अ ते ज्ञ एकाच घाटाचं, एक अक्षर नांदत होतं: स्थूलस्कंध, तिर्यक्, निराभरण. टोकांना नखरा नाही, कुठे जाड कुठे बारीक अशी लाडीगोडी नाही. चित्रकलेत दोनदा नापास झालेल्या बाईने जुन्या संगणकावर एकेक वळण घासून घासून काढलेलं ते अक्षर, वाऱ्याने कललेल्या शिडासारखं उजवीकडे झुकलेलं. भरधाव मोटारसायकलवाल्यालाही वाचता यावं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. चपलांचा सेल त्याच्यात, कबड्डीचे सामने त्याच्यात, थंडगार सोलकढी त्याच्यात.

मृतांसाठी मात्र गावाचा रिवाज निराळा. त्यांच्या नावांना ऋजू, क्षीण, उभी अक्षरं. जणू हात जोडून, मान खाली घालून उभी.

सकाळी दत्तारामचा भाऊ फोटो देऊन गेला होता. पडद्यावर झेंडूची चौकट, चौकटीत दत्ताराम, खाली उभ्या अक्षरांत नाव आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि दारात रतन, दत्तारामची बायको. शुष्कनेत्र, मुक्तकेश, अनवाणी.

"ही उभी अक्षरां मेलेल्यांची, हेमाताय. माझो घोव मरूक नाय. माका ता धावता अक्षर घाल."

"गो बाय, ता सेलाचा अक्षर. लोक हसतले."

"हसांदेत. कितक्या लांबसून वाचूक येता, ता सांग."

"रस्त्याच्या पलीकडसून."

"आणि दर्यातसून?"

हेमलताने झेंडू पुसले, एकेक पाकळी, एकेक पान. चौकट पुसली, फोटो काढला. श्रद्धांजली पुसली. उरलं नाव, नुसतं नाव. तिने ते ओढलं, थोरलं केलं, रक्तवर्ण केलं. कडांना टेकेपर्यंत थोरलं केलं.

"अजून मोठा कर," रतन म्हणाली. "त्याचो चष्मो घरात रवलो हा."

मग हेमलताने कापडच वाढवलं.

दुसऱ्या दिवशी जेट्टीच्या टोकाला दोन बांबू उभे राहिले. फ्लेक्सची पाठ गावाला, तोंड दर्याला. रतनच्या दिराने मान फिरवली. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका पाठीमागून गेल्या. उन्हात कापडातून झिरपणारं ते उलटं नाव त्यांनी पाहिलं, आणि वाचलं नाही.

रतन खाली दगडावर बसून राहिली. भरती आली, ओहोटी गेली. समोर निर्जन जल, निर्जन जल, निर्जन जल. आणि त्याच्यासमोर एक नाव, जाड, तिरकं, लालभडक, वाऱ्यावर फडफडत, बांबूंना हिसके देत, धावत राहिलं, धावत राहिलं, जागच्या जागी.