थर्माकोलचं फाटक

आधीच सांगून ठेवते, पिच्चरचं खूळ माझ्या डोक्यातलं न्हाई. मी मनकर्णा, शेळ्या राखणारी बाई. युसूफ वडगावच्या माळावर अर्धं आयुष्य गेलं माझं. उन्हाळ्याच्या तोंडाला ती ऋतुजा आली. केजचीच पोरगी, पुण्यात पिच्चर काढायचं शिकलेली. संग कॅमेरे, मोठाल्या छत्र्या आन् दाढ्या वाढवलेली पोरं. म्हणली, "मावशी, तुमच्या तळ्यावर पिच्चर काढायचाय. तुम्ही आणि तुमच्या शेळ्या पाहिजेत."

म्हणलं, "कशाचा पिच्चर?"

"शंभर वर्षांनंतरच्या जगाचा."

"म्हणजे मी मेल्यावरचा. मग मला कावून घेतीस, बाई?"

लई हसली पोरगी. मग बाभळीखाली बसून तिनं सगळी गोष्ट सांगितली. शंभर वर्सांनी ऊन एवढं वाढलं की सगळं पाणी एका कंपनीनं ताब्यात घेतलं. पैसेवाले काचेच्या आत राहतेत, त्येंच्या मनगटाला निळा पट्टा. बाकीचे भाईर, त्येंना करडा पट्टा. करड्याला तहान लागली तर आधी कंपनीची जाहिरात बघायची, दात काढून हसायचं, 'कंपनीचे आभार' म्हणायचं, मग नळ सुटणार. येवढं ऐकून मीबी हसले. पुढं म्हणली, आतल्या लोकांना जनावरांची हौस असती, म्हणून ते शेळीला आत घेतेत, पर तिला राखणाऱ्या म्हातारीला घेत न्हाईत.

"हे तेवढं काढून टाक," मी म्हणलं. "शेळी आत आन् माणूस भाईर? कुणाला खरं वाटायचं न्हाई. उगं तुझं हसं व्हईल."

"हसावंच लोकांनी, मावशी. आधी हसावं, मग लाज वाटावी."

आता ही लाज कुणाला वाटणार व्हती, ते तिनं काय सांगितलं न्हाई, आन् म्या काय इचारलं न्हाई.

आमच्या तळ्याला उतरायला एकच वाट हाय. बाकी सगळीकडनं उभा खडक, न्हाईतर गावच्या पुढाऱ्याच्या, सोमनाथभाऊच्या रानाचं तारेचं कुंपण. त्या वाटेवर पिच्चरमधल्या कंपनीचं फाटक करायचं ठरलं. केज रोडला नबीभाईचं गॅरेज हाय, त्याला बोलावलं. नबीभाईच्या हाताला लई हुन्नर. थर्माकोल कापून, त्याला चंदेरी रंग मारून आसं फाटक उभं केलं की लांबून पोलादाचंच वाटावं. वर लाल-निळे दिवे. मी बोटानं टोकरून बघितलं तर पांढरा भुसा पडला.

"हात लावू नको आक्का," नबीभाई वरडला. "तुला पाडायचंय ते. पाडायच्या आधी पाडू नको."

फाटकावरचा शिपाई म्हणून माझ्या भावाचा सुग्रीव घेतला. बारावी होऊन घरीच बसलेला. त्याला चंदेरी टोपडं घातलं, हातात एक काळी डबी दिली. पट्ट्याला डबी लावली की टूँ करायची. त्या दिवसापासनं पोरगं ताठ चालायला लागलं. घरात जेवताना सुदिक टोपडं काढंना.

पिच्चरचा नारळ फोडायला सोमनाथभाऊ आले. भाऊचा जारच्या पाण्याचा धंदा हाय, गाड्या पार केजपतूर जातेत. गावात कुणाचंबी पान भाऊबिगर हलत न्हाई. मारुतीम्होरं नारळ फुटला, आन् ऋतुजाच्या मनात काय आलं कुणास ठावं, तिनं पिच्चरमधल्या पट्ट्यांची टोपली देवाम्होरं ठेवली. पुजाऱ्यानं हळदकुंकू वाहून एकेकाला पट्टे बांधले. भाऊच्या घरचे, भावकीतले, चांगल्या कापडातले, त्येंना निळे. आमाला करडे. नबीभाईनंबी हात पुढं केला, त्यालाबी करडा.

आता आमच्याकडं देवाम्होरं बांधलेला दोरा आपल्या हातानं काढत न्हाईत. दर्ग्यातला आसू दे न्हाईतर मारुतीचा, तो झिजून आपसूक गळावा लागतो. पुण्याच्या पोरांना हे काय म्हाईत! त्येंना वाटलं, पिच्चर संपला की पट्टे काढतील लोक.

जेवायलाबी निळे मांडवात पंख्याखाली, आन् करडे बाभळीखाली. म्या ऋतुजाला झापलं, "आगं, पिच्चरमधी ठीक हाय, जेवायला कावून?" तर म्हणली, पट्टे मिसळले की आमची गडबड होते, मावशी. दोन घास कमीच गेले मला त्या दिवशी.

माझा सीन शेवटचा. शेळ्या तहानलेल्या, फाटक बंद, सुग्रीव वाट आडवून उभा. मी बोलायचं आन् खांद्यानं फाटक पाडायचं. त्येंनी लिहून दिलेलं बोलणं माझ्या जिभेवर बसंना. शेवटी म्या माझंच बोलले, "आरं, पाणी काय तुझ्या आज्यानं पाडलं का?" आन् दिला खांदा. धाडकन् फाटक पडलं, शेळ्या उधळल्या, माझी म्होरकी चांद्री सगळ्यांच्या पुढं. समदं गाव टाळ्या वाजवत व्हतं. ऋतुजाच्या डोळ्याला पाणी आलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

मग ते लोक गेले. फाटक परत उभं करून ठेवलं, म्हणले, आजून थोडं काम ऱ्हायलंय, पुन्हा येऊ. सामान चोरीला जाऊ नये म्हणून भाऊनं सुग्रीवला आन् आजून दोन पोरांना तिथं बसवलं. लई चांगलं केलं म्हणलं मी. ओढ्यातल्या डबक्यात पाणी व्हतं, तवर मी तळ्याकडं फिरकलेच न्हाई.

डबकं आटलं तसं एका दुपारी शेळ्या घेऊन तळ्याकडं गेलते. ऊन आसं की पायताण चिकटत व्हतं. बघते तर सुग्रीव तेच टोपडं घालून उभा, हातात तीच डबी. फाटकावर भाऊचा हात जोडलेला फोटो. म्या हसून म्हणलं, "काय रं, आजून पिच्चर चालूच का तुझा?"

"आत्या, पट्टा दाखव."

"आरं मुडद्या, आत्या हाय मी तुझी."

"पट्टा दाखव म्हणलं ना."

हात पुढं केला. डबी काय वाजली न्हाई, आतला सेल कवाच संपला आसंल. त्यानं तोंडानंच "टूँ" केलं. देवाशप्पथ सांगते, तोंडानं! आन् गंभीर चेहरा करून म्हणला, "करडा. करड्याला आत सोडायचं न्हाई. आतमधी भाऊचा जारच्या पाण्याचा प्लांट बसणार हाय. पाणी घाण होतं."

मला वाटलं चेष्टा करतोय. मागं वळून बघितलं तर भाऊच्या भावकीतली वच्छलाबाई धुवायच्या कपड्याचं गाठोडं घेऊन आली, मनगट दाखवलं आन् सरळ आत गेली. निळा पट्टा, मळून काळा पडलेला. बांधावर माणसं उभी व्हती, माझ्यासारखीच करड्या पट्ट्याची, रिकाम्या घागरी घेऊन. म्या म्हणलं, "आरं, तुमी उभे काय ऱ्हायलात? तळं गावचं हाय!" तर एकजण म्हणला, "भाऊ निळे पट्टे वाढवून देणार हायत, मनकर्णाबाई. जरा दम धरा."

दम धरा! शेळ्यांच्या जिभा भाईर आलेल्या. माझं डोकंच फिरलं. "आरं, पाणी काय तुझ्या आज्यानं पाडलं का?" आसं वरडले की गळा फाटला. तर लोकांनी काय करावं? मोबाईल काढले. "वा, मनकर्णाबाई! परत एकदा!" कुणी शिट्टी मारली. पिच्चरच वाटला त्येंना. म्हणलं, थांबा मेल्यांनो, दावते. मागं सरले आन् पळत जाऊन दिला खांदा.

आय गं! फाटक लोखंडाचं व्हतं.

खांद्यातनं कळ डोक्यात गेली, डोळ्यापुढं अंधारी आली. हात फिरवून बघितला, चंदेरी रंग तोच, दिवे तेच, पर आत लोखंडी गज आन् पत्रा, वेल्डिंग केलेला. नबीभाई त्या गर्दीतच व्हता. माझ्याकडं बघंना.

"तू केलंस, नबीभाई?"

"भाऊनं सांगितलं, आक्का. थर्माकोल वाऱ्यानं पडायलंय म्हणले." लई बारीक आवाजात म्हणला, "मीबी करडाच की."

तेवढ्यात भाऊ आले, कुणीतरी फोन केला आसंल. रागावतील म्हणलं तर कुठलं! हात जोडून, गोड हसून म्हणले, "काकू, तुमी तर आपल्या गावच्या हिरवीन. तुमाला कोण आडवतंय?" खिशातनं कोरा निळा पट्टा काढला आन् माझा हात धरला. "पोरांनो, फोटू काढा रं."

लोक टाळ्या वाजवायला लागले. आन् मला काय झालं सांगू? आंगावर काटा आला. त्येच घागरी घेतलेले, दम धरलेले लोक टाळ्या वाजवत व्हते! म्या पट्टा भाऊच्या हातातनं हिसकला. "मला नको. हिला बांधते," म्हणून चांद्रीच्या गळ्यात बांधला. मला वाटलं, भाऊचं नाक कापलं.

भाऊ खो खो हसले. समदे हसले. "बरं बरं! शेळीला सोडा रं आत," म्हणून भाऊ गाडीत बसून निघून गेले.

सुग्रीवनं फाटक उघडलं. चांद्री आत घुसली. म्होरकी गेली की कळप थांबतो व्हय? सगळ्या तिच्या मागं. मी पाऊल टाकलं, तर फाटक माझ्या नाकासमोर आदळलं.

"पट्टा शेळीला हाय, आत्या. तुला कुठाय?"

ऋतुजाला म्या म्हणलं व्हतं, कुणाला खरं वाटायचं न्हाई. आता इथं सगळं गाव उभं व्हतं, आन् कुणालाच खोटं वाटत न्हवतं.

गजातनं बघितलं. माझ्या शेळ्या पाण्याला तोंड लावून पीत व्हत्या. चला, जनावरं तरी वाचली म्हणून ऊर निवला जरा. पोट भरून प्याल्या, तसं म्या हाळी दिली. चांद्री आली, बाकीच्या आल्या, फाटकाशी गोळा झाल्या.

"उघड रं. निघते मी."

सुग्रीव टोपडं सरळ करत म्हणला, "आत गेलेलं भाऊला इचारल्याबिगर भाईर सोडायचं न्हाई. निळा पट्टा हाय ना."

"आरं, माझ्या शेळ्या हायत त्या! तुला कडेवर घेऊन त्येंच्याच आया-आज्यांचं दूध पाजलंय म्या!"

क्षणभर पोरगं बावरलं. मग फोन कानाला लावला. बराच वेळ वाजला. "भाऊ उचलंनात, आत्या. थांब जरा."

मी थांबले. लोक घागरी घेऊन आपापल्या घरी गेले. नबीभाई शेवटपतूर उभा व्हता, मग तोबी गेला. मी तापलेल्या लोखंडाला टेकून बसले आन् गजातनं हात आत घातला. चांद्री जवळ आली, माझं मनगट चाटायला लागली, करड्या पट्ट्यावरनं. तिची जीभ गार व्हती, वली व्हती. सकाळपासनं माझ्या आंगाला लागलेलं तेवढंच पाणी.