चेसिसवरची तीन टिंबं

अंबादास म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. गोहलपुरातलं गॅरेज सासऱ्याचं, हत्यारंही सासऱ्याचीच. एकाहत्तरच्या लढाईत अर्धं जबलपूर लष्करी फॅक्टऱ्यांमधून दोन-दोन पाळ्या राबत होतं, आणि हा दिवटा त्या गॅरेजात चोरीच्या अँबेसेडर रंगवून रक्सौलमार्गे नेपाळात धाडत होता.

त्याचा मेहुणा अच्युत फॅक्टरीत पार्टांवर नंबर ठोकायचा, तेही बावीस वर्षं. चोरीच्या गाडीच्या चेसिसवरचा जुना नंबर घासून नवा ठोकायला याहून सफाईचा हात कुठे मिळणार? अच्युतने आधी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी अंबादासने विनताला, म्हणजे अच्युतच्या धाकट्या बहिणीला, ट्रंकेसकट त्याच्या क्वार्टरसमोर आणून उभं केलं.

"ठेवून घे मंग आपल्या बहिणीले," तो म्हणाला.

तिचा संसार मोडू नये म्हणून अच्युत दर रविवारी दुपारी गोहलपूरला जाऊ लागला. सहा गाड्यांवर त्याने नवे नंबर ठोकले. अंबादासचा त्याला इतका संताप यायचा, की हातोडी नंबर उठवायच्या पंचावरच कशी पडते याचं त्याचं त्यालाच नवल वाटे.

आणि मग झालं हात दाखवून अवलक्षण. फॅक्टरीचा नियम असा, की नंबराच्या शेवटी ठोकणाऱ्याने आपली खूण उठवायची, म्हणजे चूक कोणाची ते लगेच कळतं. अच्युतची खूण तीन टिंबं. रक्सौलला एक गाडी पकडली गेली आणि तिच्या चेसिसवर नंबरापुढे तीन टिंबं निघाली.

अंबादास तणतणत क्वार्टरवर आला. "काहून बे, चोरीच्या मालावर सही करून राहिला?"

"हाताची सवय आहे. मला कळलंच नाही."

"ते टिंबं तुझे हायेत, हे फॅक्टरीबाहेर कोणाले ठाऊक?"

"तुम्हाला अन् विनताला. बाकी कोणाला नाही."

"मंग तोंड शिवून बस."

तिसऱ्या दिवशी पोलीस कुठे चौकशी न करता थेट अच्युतच्याच दारात आले. जीपमध्ये बसतानाच त्याने ठरवलं, की नोकरी जावो, तुरुंग होवो, पण विनताच्या घराचं नाव काढायचं नाही. चोर तो चोर वर शिरजोर असा अंबादास सुटेल, तर सुटू दे.

ठाण्यात इन्स्पेक्टरने एक कागद पुढे सरकवला. विनताचा जबाब होता. भाऊ गॅरेजची किल्ली चोरून नेत असे, तीन टिंबं त्याचीच खूण आहे, माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. खाली तिची सही.

अच्युतने तो दोनदा वाचला. अंबादासकडून त्याने कधी माणुसकीची अपेक्षा ठेवली नव्हती, पण विनताने हे करावं! जिच्यासाठी त्याने बावीस वर्षांची इभ्रत मातीत घातली, तिने त्याला एका कागदात विकलं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वहाँ और कौन रहता था?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"अंबादास. गाड़ियाँ वही मँगवाता था."

"और कोई?"

इथे तो थांबू शकला असता.

"मेरी बहन," अच्युत म्हणाला. "नया नंबर वही पढ़कर सुनाती थी, मैं ठोकता था. लिखिए, विनता."

ते अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही.