बस्त्यातले बूट

बस्त्याच्या दिवशी मुलीच्या आईनं फार बोलायचं नसतं. मुलाकडच्यांनी निवडायचं, मुलीकडच्यांनी ‘छान हाय’ म्हणायचं, ही रीत. राहीबाई सकाळपासून महाडच्या बाजारात तेवढंच म्हणत होत्या. साड्या झाल्या, नवरदेवाचा पोशाख झाला, आता फक्त त्याचे बूट राहिले होते. गोमाजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, कारखान्यात दुपारपाळी होती. त्यामुळे महमूदभाईंच्या दुकानात शिरले ते चौघेच: राहीबाई, त्यांची लेक सलोनी, होणारा जावई ओम आणि ओमचे मुंबईवाले काका मालोजी.

खरं तर आले ते मालोजी. बाकीचे तिघं त्यांच्या मागून आले.

ओमचं शिक्षण, नोकरी, सोयरीक हे सगळं मालोजींनी जसं आपणहून डोक्यावर घेतलं होतं, तसेच आता बूटही घेतले. ओम मुंबईत राहत होता तो त्यांच्याच खोलीत, आणि लग्नानंतर सलोनीही तिथंच जाणार होती. म्हणून राहीबाईंचं बुटांकडे लक्षच नव्हतं. या पोराला स्वतःचं तोंड आहे की नाही, एवढंच त्यांना आज बघायचं होतं. अजून तरी दिसलं नव्हतं. त्याच्या चहात साखर किती घालायची, तेसुद्धा काकांनीच सांगितलं होतं.

“मिडियम रेंज दाखवा,” मालोजी म्हणाले. “पण जेन्युइन लेदर हां! मला फसवायला जाऊ नका. मुंबईत मोठमोठ्या शोरूमवाल्यांना रडवलंय मी.”

रडले असतील बिचारे, राहीबाईंना वाटलं. आपणही सकाळपासून त्याच वाटेवर आहोत.

महमूदभाईंनी खोके उघडले. मालोजींनी एक काळा बूट उचलला, डोळे मिटून त्याचा वास घेतला, जसं काही देवावरचं फूलच हाती आलंय. मग त्याचं टोक टाचेला लावून, धुणं पिळावं तसा पिळला. नव्याकोऱ्या बुटाला आडवी सुरकुती पडली.

“काका, असं नका करू,” महमूदभाई अजिजीनं म्हणाले. “चालताना बोटांपाशी वाकतो तेवढाच वाकवून बघायचा. शिलाई बघा, आतलं अस्तर बघा, सोल शिवलाय की नुसता चिकटवलाय ते बघा.”

“मला शिकवू नका. मोबाइलवर सगळं असतं हल्ली.”

सलोनी मात्र मालोजींच्या स्वतःच्या पायांकडे बघत होती. बुटांवर बाटलीतल्या पॉलिशची पुटं चढली होती, खालच्या भेगा त्यातूनही वर आल्या होत्या, आणि एक सोल पुढून सुटून चालताना टाळ्या वाजवत होता.

तिची नजर मालोजींना कौतुकाची वाटली. “बुटाला निगा लागते, सूनबाई. पावसात भिजले की मी सरळ गॅसवर शेकतो. वरून खोबरेल. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर.”

“मग बुरशी नाय येत?”

“येते की! ती पुसायची. आता ते काम तुझं.”

ओम हसला. सलोनी हसली नाही. राहीबाईंनी दोन्ही पाहून ठेवलं.

तेवढ्यात ओमनं एक तपकिरी बूट पायात चढवला, दुसराही चढवला, आणि दुकानातल्या दुकानात फिरून बघितलं. टाच सरकत नव्हती, बोटं मोकळी होती. आरशात बघताना त्याचा चेहरा खुलला. “हे बरे वाटतायत गं,” तो सलोनीला म्हणाला.

राहीबाईंच्या जिवात जीव आला. आहे, पोराला पसंती आहे.

“काढ,” मालोजी म्हणाले.

ओमनं काढले.

“रेक्झिन हाय हे. आत्ता दाखवतो.” मालोजींनी खिशातून लायटर काढला आणि ज्योत थेट बुटाच्या टोकाला लावली.

“अहो काका! जाळलं तर चामडंपण जळतंच ना!” महमूदभाईंनी हात आडवा घालेपर्यंत वरचा रंग फुगून फुटला होता. केस जळल्यासारखा, अस्सल चामड्याचा वास दुकानभर पसरला आणि टोकावर काळा डाग उमटला.

मालोजींनी लायटर खिशात टाकला. बूट उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, “हा डागी माल इथं ठेवलाच कसा?”

“काका, आत्ता तुम्हीच तर...”

“मी? मी लायटर नुसता लांबून दाखवला. विहीणबाई, कुठल्या दुकानात आणलंत आम्हाला? ओम, तू सांग रे. डाग आधीचाच ना?”

सगळे ओमकडे बघू लागले. वास अजून गेला नव्हता. ओमनं बुटाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. ‘माझं लक्ष नव्हतं’ असं तो म्हणाला असता, तरी राहीबाईंनी गिळलं असतं. सकाळपासून त्या गिळतच होत्या.

“आधीचाच,” ओम म्हणाला. “मगाशी घातला तेव्हाच दिसला होता मला.”

हे दुसरं वाक्य तर त्याच्याकडे कुणी मागितलंही नव्हतं.

मालोजींसारखं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याला पोटभर वाढलं की ते घटकाभर गप्प बसतं. पण या पोराचं काय करायचं? उद्या सलोनीला चटका बसला, तरी हा डाग आधीचाच म्हणेल. सलोनी आईकडे बघत होती. ती चिडलेली नव्हती, नुसती विचारत होती. पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवून झाली होती. भावकीत आमंत्रणं गेली होती. लोक काय काय बोलतील, ते राहीबाईंना आताच ऐकू येत होतं. त्यांनी लेकीकडे बघून मान हलवली.

“महमूदभाई, हे बूट बांधा,” त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमचं नुकसान नको.”

“डागी बूट?” मालोजी उसळले. “आमच्या नवरदेवाला?”

“नवरदेवाला नाय हो, भाऊ. तुम्हाला. पारखून घेतलेत ना तुम्ही? तुमच्या पायात शोभतील.” त्यांनी पदर सावरला. “नवरदेव आम्ही दुसरा बघू.”

सलोनी दुकानाची पायरी उतरलीसुद्धा.

“आई, अहो, म्हणजे मी...” ओम अनवाणीच पुढे आला. आणि पुढे काय म्हणायचं, ते विचारायला त्यानं काकांकडे बघितलं.